जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि किलोवर तोललेली कारागिरी

पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनलेले सीआरओ, सिग्नल जनरेटर, व्हॉल्व व्होल्टमीटर आजही आपल्या बाजारात येत असतात. एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा नवी होते, एखादा कारखाना बंद पडतो, लिलाव होतो आणि हा माल टेम्पोत भरून मुंबईच्या चोर बाजारात किंवा गावोगावच्या भंगाराच्या गोदामात उतरतो. त्याला गिऱ्हाईकही आहे. हौशी रेडिओ चालवणारे, व्हॉल्वचे ॲम्प्लिफायर बांधणारे व दुरुस्त करणारे, जुन्या यंत्रांचे संग्राहक असे लोक चालू स्थितीतील नगाला चांगली किंमत देतात. परंतु पॉवर ट्रान्सफॉर्मर जळालेला दिसला की आमचे व्यापारी बंधू तो नग बाजूला टाकतात. मग पत्रा वेगळा, ॲल्युमिनियम वेगळे, तांबे वेगळे असे करून तो वजनावर विकला जातो.

आमच्या मते यात दुहेरी नुकसान आहे. व्यापाऱ्याचा चांगला नग भंगारात जातो आणि वाइंडिंग करणाऱ्या कारागिराचे काम जाते. जेथे ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरून घेतला जातो, तेथेही तो घाईत भरला जातो, काही महिन्यांत पुन्हा जळतो आणि "रिवाइंडिंग टिकत नाही" असा बोभाटा होतो. दोष रिवाइंडिंगचा नाही. दोष आहे तो हे काम तांब्याच्या वजनावर मोलण्याच्या आपल्या सवयीचा. त्याबद्दल आज व्यापारी आणि कारागीर या दोघांशीही थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

प्रथम नग पारखा

प्रत्येक जुने यंत्र दुरुस्त करावेच असे आम्ही म्हणत नाही. नवे डिजिटल सीआरओ आज अनेक दुकानदारांच्या आवाक्यात आले आहेत. रोजच्या कामासाठी ज्याला यंत्र हवे, तो ते घेईल. म्हणून जुन्या नगावर खर्च करण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे.

सीआरओ असेल तर ट्रान्सफॉर्मरआधी पिक्चर ट्यूब पाहावी. ट्यूबच्या हीटरला बाहेरून ६.३ व्होल्ट दिले आणि मागची तार तांबूस उजळली, तर निदान हीटर शाबूत आहे असे समजते. हीटरच तुटलेला असेल किंवा मान फुटून हवा शिरली असेल, तर नवा ट्रान्सफॉर्मर घालणे म्हणजे पैसे पाण्यात. त्यानंतर पाहावे की स्विच, नॉब, प्लग-इन भाग पूर्ण आहेत काय, आणि आत उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना. हे सारे ठीक असेल आणि गिऱ्हाईक नजरेसमोर असेल, तरच पुढे जावे.

आधी रोग ओळखा

"फ्यूज उडतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला" असे सरसकट म्हटले जाते. ते पुष्कळदा चुकीचे ठरते. साधा उपाय आपल्या प्रत्येक वायरमनला माहीत आहे, तो म्हणजे सिरीज बल्ब. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या सर्व तारा सोडवून, टोके नीट झाकून, ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा चांगला आहे, दोष पुढे आहे. बल्ब पूर्ण तेजाने जळत राहिला तर आतील वेढे एकमेकांना चिकटले आहेत असे समजावे. या कामासाठी एलईडी बल्ब चालत नाही. आणि यंत्रातील मोठे कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नये. स्विच बंद केल्यावरही त्यांत जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

ट्रान्सफॉर्मर आपणहून क्वचितच मरतो. त्याला बहुतेक वेळा कोणीतरी मारलेले असते. फिल्टरचा कंडेन्सर गळू लागतो. सेलेनियमचा रेक्टिफायर शॉर्ट होतो. पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीने रेक्टिफायर व्हॉल्व काढून सिलिकॉन डायोड घातलेले असतात, परंतु त्यामुळे वाढणाऱ्या दाबाचा विचार केलेला नसतो. आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार. हे कारण दूर न करता नवा ट्रान्सफॉर्मर बसवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला तीच आग दुसऱ्यांदा विकतो, असे आम्ही म्हणू.

ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी पूर्ण तुटलेली दिसते, तेथेही घाई नको. पुढच्या काळातील अनेक छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बाहेरच्या पट्टीखाली उष्णतेचा फ्यूज दडवलेला असतो. तो उडाला की मीटर प्रायमरी तुटलेली दाखवते. तो त्याच तापमानाचा व त्याच करंटचा बदलता येतो. त्याच्या जागी नुसती तार जोडणे मात्र गिऱ्हाइकाच्या घराला आग लावण्यासारखे आहे.

आणखी एक बाब. सीआरओमध्ये एकाहून अधिक ट्रान्सफॉर्मर असू शकतात. अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या व्हॉल्वच्या ५०० मालिकेतील यंत्रे जगभर पोहोचली. त्यांपैकी काहींत पडद्यावरची रेघ आधी ठीक दिसते, यंत्र तापल्यावर ती फुगते, पुसट होते आणि नाहीशी होते. येथे दोष मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचा नसतो. पिक्चर ट्यूबला उच्च दाब देणारा एक वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचे इपॉक्सी काळाच्या ओघात बिघडते. हे ठाऊक नसलेला माणूस चांगला पॉवर ट्रान्सफॉर्मर काढून भरायला देतो आणि रोग जागच्या जागी राहतो.

६.३ व्होल्टचा फसवा वाइंडिंग

पॉवर ट्रान्सफॉर्मरच जळाला हे नक्की झाले की कारागिराचे खरे काम सुरू होते. ही यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या गरजेप्रमाणे ट्रान्सफॉर्मर बनवून घेत किंवा स्वतः बनवीत. बाजारात त्यांचा तयार जोड मिळत नाही. म्हणून एक तर दुसऱ्या मोडक्या यंत्रातून तोच ट्रान्सफॉर्मर काढावा, नाही तर जुनाच भरून घ्यावा.

भरण्याआधी तारांचा नकाशा काढणे ही पहिली अट आहे. कोणती तार कोठे जाते, रंग कोणता, लग कितवा, हे कागदावर हवे आणि मोबाइलवर फोटोही हवा. अनेक अमेरिकन ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी काळी, उच्च दाबाची सेकंडरी लाल, रेक्टिफायर व्हॉल्वच्या हीटरची पिवळी आणि इतर व्हॉल्वच्या हीटरची हिरवी अशी पद्धत असे. परंतु पन्नास वर्षांच्या धुळीत व उष्णतेत रंग ओळखू येत नाहीत. तेव्हा रंगावर विसंबण्यापेक्षा तार जेथे पोहोचते तो व्हॉल्व पाहावा.

येथे आमच्या कारागीर बंधूंना एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. एकाच ट्रान्सफॉर्मरवर ६.३ व्होल्टचे तीन-चार वाइंडिंग असतात. गेज तोच, वेढे तेवढेच. त्यामुळे ते सारे सारखेच वाटतात. पण ते सारखे नसतात. पिक्चर ट्यूबच्या हीटरला जाणारे ६.३ व्होल्टचे वाइंडिंग चॅसीसपासून हजार-दीड हजार व्होल्टवर असू शकते. ते दोन पदर साध्या कागदावर इतरांबरोबर भरले, तर दुकानात यंत्र चालेल आणि पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून आत ठिणगी पडेल. ज्याला हे सांगितलेले नाही त्या वाइंडरला दोष देता येत नाही. सांगण्याची जबाबदारी ट्रान्सफॉर्मर घेऊन येणाऱ्याची आहे.

दुसरी वस्तू म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामधील तांब्याच्या पातळ पत्र्याचा पदर. काही कारागीर तो निरुपयोगी समजून काढून टाकतात. हा पदर लाइनमधील खरखर यंत्रात शिरू देत नाही. मिलिव्होल्ट मोजणाऱ्या यंत्रातून तो काढला तर मापच खोटे होते. तो घालतानाही त्याची दोन टोके एकमेकांना टेकता कामा नयेत. मध्ये कागद हवा. टोके टेकली तर तो स्वतःच एक शॉर्ट वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळतो.

५० आणि ६० चा फरक

परदेशी मालात आणखी एक गोष्ट नडते. अमेरिकेत वीज ६० सायकलची आहे, आपल्याकडे ५०. पाटीवर "५०-६०" असे लिहिले असेल तर चिंता नाही. नुसते "६०" असेल तर तोच दाब ५० सायकलवर दिल्यास कोअरमधील चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो. लोखंड भरून जाते, करंट वाढतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. २३० चे ११५ व्होल्ट करणारा स्टेप-डाउन लावला म्हणजे झाले, असे समजणारे येथे फसतात. स्टेप-डाउन दाब बदलतो, सायकल बदलत नाही. विमानातून व सैन्यातून निघालेल्या मालावर कधी "४००" असे लिहिलेले असते. तो तर आपल्या लाइनवर लावूच नये.

भरताना ही चूक सुधारता येते. त्यासाठी थोडे गणित हवे. ५० सायकलवर आणि १०,००० गॉस धरून, कोअरच्या मधल्या पायाचा छेद चौरस सेंटिमीटरमध्ये मोजावा आणि ४५ ला त्याने भागावे. उत्तर येते ते एका व्होल्टमागे किती वेढे घालायचे याचे. दीड इंच रुंद पाय आणि दोन इंच थर असेल तर छेद सुमारे १९.३५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे व्होल्टमागे सुमारे २.३ वेढे. २३० व्होल्टच्या प्रायमरीला साधारण ५३५ वेढे लागतील. लोडवर दाब थोडा पडतो, म्हणून सेकंडरीला चार-पाच टक्के वेढे अधिक घालावेत. "जेवढे जुने निघाले तेवढेच नवे घातले" हा नियम ६० सायकलच्या मालाला लावला तर नवा ट्रान्सफॉर्मरही जुन्याच्याच वाटेने जाईल.

बॉबिनवर जागा पुरत नाही असे दिसले, तर गेज बारीक करण्याचा मोह होतो. २२ गेजऐवजी २४ गेज घातली तर तारेचा छेद सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो आणि त्याच करंटला उष्णता दीडपटीहून अधिक होते. त्यापेक्षा हीटरसाठी वेगळा आणि उच्च दाबासाठी वेगळा असे दोन ट्रान्सफॉर्मर बसवणे चांगले. डब्यात जागा असेल तर हा मार्ग प्रामाणिक आहे. फक्त सीआरओमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर पिक्चर ट्यूबच्या जवळ येऊ देऊ नये, नाही तर त्याच्या चुंबकीय क्षेत्राने पडद्यावरची रेघ नागमोडी होते.

किलोचा भाव

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कारखान्यात बसलेल्या उस्तादाला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "किलोचा काय भाव?" मोटार आणि पंपाच्या कामात हा हिशेब एक वेळ चालतो. तपासणी यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरला तो चालत नाही. का, ते वरच्याच उदाहरणावरून दिसेल. २२ गेजच्या ५३५ वेढ्यांचे तांबे साधारण अर्धा किलो भरते. त्याच कोअरवर हजार व्होल्टचे वाइंडिंग घालायचे तर सुमारे २,३०० वेढे घालावे लागतात, तेही केसासारख्या ४० गेजच्या तारेने, प्रत्येक थरावर कागद घालून, तार न तुटू देता. त्याचे तांबे शंभर ग्रॅमही भरत नाही. म्हणजे जेथे डोळे, हात आणि संयम सर्वांत जास्त लागतात, तेथेच किलोचा भाव सर्वांत कमी मजुरी देतो.

मग कारागीर काय करणार? तो कागद वाचवतो, पत्र्याचा पदर सोडतो, वॉर्निश वरवर लावतो, भट्टीत नीट सुकवत नाही. व्यापारी म्हणतो, कारागीर अप्रामाणिक आहे. कारागीर म्हणतो, पैसेच मिळत नाहीत. दोघांच्या भांडणात गिऱ्हाईक निघून जाते.

आमची सूचना अशी आहे की या कामाचे बिल तीन भागांत करावे. पहिला भाग उघडणे, मोजणे व नकाशा काढणे याचा. ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला किंवा नग दुरुस्तीच्या लायकीचा नाही असे ठरले, तरी हा आकार द्यावा लागेल, असे आधीच सांगावे. डॉक्टर तपासणीची फी घेतो, मग रोग निघो वा न निघो. दुसरा भाग मालाचा: तार, कागद, स्लीव, वॉर्निश, जो लागेल तो त्याच्या भावाने. तिसरा भाग भरणीच्या मजुरीचा व चाचणीचा. येथे वजन नव्हे तर वेढे, वाइंडिंगची संख्या आणि लागणारे दिवस पाहावेत.

त्याबरोबर एक कार्ड द्यावे. पोस्टकार्डाएवढे पुरे. त्यावर कोअरचे माप, प्रत्येक वाइंडिंगचे वेढे व गेज, कोणते वाइंडिंग उच्च दाबावर आहे, पदर घातला की नाही, भरल्याची तारीख आणि कारखान्याचे नाव. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक दुकानात, आणि एक यंत्राच्या आत चिकटवून. हे कार्ड असलेला नग आणि नसलेला नग यांची किंमत सारखी राहणार नाही. घेणारा जाणकार असतो. आत काय आहे हे लिहून देणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो.

काही बंधू म्हणतील की वेढे लिहून दिले तर दुसरा कोणीही तेच भरील, आपले गुपित जाईल. आम्हाला हे पटत नाही. आकडे कागदावर गेल्याने हातातील कसब जात नाही. उलट जे उस्ताद आपले आकडे डोक्यातच ठेवून निवृत्त झाले, त्यांच्या शागिर्दांना प्रत्येक ट्रान्सफॉर्मर पहिल्यापासून सोडवावा लागतो. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमात छोट्या ट्रान्सफॉर्मरची भरणी शिकवली जाते. तेथून आलेला मुलगा गणित जाणतो, पण तारेचा ताण जाणत नाही. कारखान्यात वाढलेला मुलगा ताण जाणतो, पण गणिताला भितो. कार्ड लिहिण्याची सवय या दोघांनाही एकमेकांकडून शिकवील.

चाचणीशिवाय माल देऊ नका

भरलेला ट्रान्सफॉर्मर यंत्रात घालण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक वाइंडिंग कोअरशी व दुसऱ्या वाइंडिंगशी तपासावे. उच्च दाबाच्या वाइंडिंगला एवढ्याने भागत नाही. त्याला त्याच्या कामाच्या दाबाहून अधिक दाबावर, ज्याच्याकडे तसे यंत्र व अनुभव आहे त्याच्याकडून तपासून घ्यावे. मग सिरीज बल्बवर, मग डिमरस्टॅटवर हळूहळू पूर्ण दाब द्यावा. चॅसीसला अर्थिंग जोडलेले असलेच पाहिजे. जुन्या दोन पिनांच्या वायरीच्या जागी तीन पिनांची वायर घालावी आणि फ्यूज पाटीवर लिहिलेल्या आकड्याचाच असावा. ११५ चे यंत्र २३० वर आणले असेल तर फ्यूज निम्मा करावा, कारण करंट निम्मा होतो.

तापमान पाहायला महाग साधन लागत नाही. थंड असताना प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजून ठेवावा. यंत्र पूर्ण लोडवर तीन-चार तास चालवून, प्लग काढून लगेच पुन्हा मोजावा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० ओहमचे २४ झाले, तर वाइंडिंग सुमारे ५० अंशांनी तापले. खोली ३५ अंशांची असेल तर आतले तापमान साधारण ८५. जुन्या पद्धतीचे कागद-वॉर्निशचे इन्सुलेशन १०५ अंशांपर्यंतचे मानले जाते, तेव्हा हे चालेल. २० चे २६ झाले तर मात्र माल परत टेबलावर घ्यावा. हे दोन आकडेही कार्डावर लिहावेत. अंदाजाने हात लावून "गरम नाही" म्हणण्याचे दिवस गेले.

व्यापारी बंधूंना आमचे शेवटचे सांगणे एवढेच. पुढच्या वेळी जळालेला ट्रान्सफॉर्मर घेऊन कारखान्यात जाल, तेव्हा किलोचा भाव विचारू नका. "कार्ड द्याल काय आणि चाचणी करून द्याल काय," हे विचारा, आणि जो देईल त्याला त्याची मजुरी न घासता द्या. कारागीर बंधूंनीही, गिऱ्हाइकाने ठेवलेली वस्तू ही आपल्याकडे अमानत आहे हे ध्यानात ठेवून, जे काम आत झाकले जाणार आहे तेच अधिक नीट करावे. ट्रान्सफॉर्मरचे काम पट्ट्यांच्या आत दडलेले असते. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. त्याला फक्त एवढे कळते की यंत्र दुसऱ्या वर्षीही चालते आहे की नाही, आणि त्यावरूनच तो पुन्हा कोणाच्या दुकानात यायचे ते ठरवतो.